नाबोथ 'नाही' म्हणाला

शास्त्रभाग: १ राजे २१:१-२४, लेवीय २५:२३, यिर्मया ३२:६-१५, गणना २७:१-७

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपल्या रविवार शाळांतून वर्षानुवर्षे शिकवली जात आहे. बहुतेक वेळा ती ईजबेल राणीच्या दुष्टपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि मुलांच्या ध्यानात शेवटची कुत्री तेवढी राहतात. शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की या खेपेस त्यांनी आरंभीच्या चार वचनांना अधिक वेळ द्यावा. तेथे अजून कोणाचा खून झालेला नाही, कोणी खोटी साक्ष दिलेली नाही. एक राजा आहे, त्याचा एक शेजारी आहे आणि जमिनीची मागणी आहे, एवढेच.

अहाबाने मागणी कशी केली ते नीट पाहा. त्याने शिपाई पाठवले नाहीत. तो स्वतः बोलला. मळा राजवाड्याला लागून आहे, मला तेथे भाजी लावायची आहे, त्याबदली तुला याहून चांगला मळा देतो, किंवा तुला हवे तर रोख पैसे देतो, असे त्याच्या बोलण्याचे सार. आजच्या सरकारी भाषेत सांगायचे तर जमिनीला जमीन किंवा रोख मोबदला, आणि निवड जमीनमालकाची. आपल्या देशात धरणाखाली, रस्त्याखाली, खाणीखाली जमिनी गेलेल्या कितीतरी कुटुंबांना याच्या निम्मेही कोणी देऊ केले नाही. तेव्हा अहाबाचा भाव कमी होता म्हणून नाबोथ अडला असे कोणी म्हणू नये.

नाबोथ अडला तो एका शब्दावर. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तो शब्द 'वतन' असा आला आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. पाटलाचे, कुलकर्ण्याचे आणि गावकामगारांचेही वतन असे. कोणाच्या वतनात मान होता, तर कोणाच्या वतनात राबणूकच अधिक होती. पण वतन म्हणजे एका माणसाने बाजारात नेऊन विकायची वस्तू नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे मूळ आहे. भूमी देवाची आहे, लोक तिच्यावर पाहुण्यासारखे राहतात, म्हणून ती कायमची विकायची नाही. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाने काही वर्षांची पिके विकावीत, जमीन योबेलाच्या वर्षी परत यावी. म्हणजे नाबोथ 'माझे आहे, देणार नाही' असे म्हणत नव्हता. जे आपल्या एकट्याचे नाही ते आपण एकट्याने कसे विकावे, अशी त्याची अडचण होती. मागे वाडवडील होते, पुढे मुले होती.

राजाला हे उत्तर कळलेच नाही. तो घरी जाऊन तोंड फिरवून पडला आणि जेवेना. देऊ केलेला भाव वाजवी असताना माणूस 'नाही' म्हणतो याचा अर्थ तो हट्टी आहे, विकासाच्या आड येतो, किंवा त्याला कोणी फूस लावली आहे, असे सत्तेतल्या माणसाला वाटते. आमच्या मते या अध्यायातले पाप राणीच्या पत्रांपासून धरू नये. नकार हा नकार म्हणून ऐकून घेतला गेला नाही तेथून ते धरावे.

हा शास्त्रभाग निवडण्याचे कारण आमच्याच जिल्ह्यात आहे.

बेळगावच्या दक्षिणेला खानापूर तालुक्याचे रान आहे. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र येथे एकमेकांना भिडतात. म्हादई नदीचा उगम या रानात आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. डिसेंबर २०११ मध्ये या रानाचा सुमारे १९० चौरस किलोमीटरचा भाग भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाला. पण रान रिकामे नव्हते. तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव, कृष्णापूर अशी गावे त्यात आहेत, आणि ती अभयारण्याच्या पुष्कळ आधीची आहेत. लोक मराठी बोलणारे. शेतकरी आणि गवळी धनगर. भात, नाचणी, म्हशी, रानातले मध नि शिकेकाई यांवर त्यांचे चालते. याच तालुक्यातल्या दुसऱ्या रानांत सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आणले गेले होते. सिद्दी लोकांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही आहेत.

पावसाळ्यात या गावांची स्थिती बिकट होते. ओढे भरतात, वाट बंद होते. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाच्या डोलीतून खांद्यावर वाहून भर पावसात रानातून बाहेर आणले, तेव्हा ती बातमी सगळीकडे पोहोचली. त्यानंतर या गावांनी बाहेर येऊन राहावे या बोलण्याला जोर आला. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी स्थलांतराला होकार दिला. प्रत्येक कुटुंबाला १५ लाख रुपये ठरले आणि त्यांतले १० लाख पहिला हप्ता म्हणून दिले गेले.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण चर्चेत दोन्ही बाजूंनी घाई होते. एक बाजू म्हणते, लोक स्वखुशीने गेले, पैसे मिळाले, मुलांना शाळा मिळेल, आणखी काय हवे? दुसरी बाजू म्हणते, हे सगळे दडपणाने झाले. ज्या आईला पोटदुखीने तळमळणारे मूल घेऊन रात्रभर दार धरून बसावे लागले आहे तिने 'आम्ही जातो' म्हटले, तर तिच्या होकाराला खोटे म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. आम्हालाही नाही. तरीपण एक प्रश्न उरतोच. तिला गाव सोडायचे होते, की दवाखान्याची वाट हवी होती? वाट आधी दिली असती आणि मग विचारले असते, तर उत्तर काय आले असते? वर्षानुवर्षे रस्ता, वीज, शाळा नाकारायची आणि कंटाळून माणूस निघाला की त्याला स्वेच्छेने गेला म्हणायचे, यात अहाबाचा चांगला मळाही नाही.

आणि कायद्याने वाट देता येत नाही असेही नाही. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू आहेत. वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर अन्याय झाला हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, विजेच्या तारा, पिण्याचे पाणी, रस्ता अशा कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून वापरता येते अशी त्यात तरतूद आहे. आमच्या किती वाचकांना हे ठाऊक आहे? रानातल्या लोकांना तर त्याहून कमी.

याच कायद्यातली दुसरी तरतूद शिक्षकांनी नीट वाचावी. दाव्यांची तपासणी आणि हक्कांची नोंद पुरी होईपर्यंत वनात राहणाऱ्या कोणालाही त्याच्या जमिनीवरून काढता येत नाही. अभयारण्यात वन्य प्राण्यांसाठी अत्यंत आवश्यक ठरलेल्या जागेतून माणसे हलवायचीच असतील, तर आधी हक्क मान्य झाले पाहिजेत, ग्रामसभेची मोकळेपणाने आणि माहिती घेऊन दिलेली संमती लेखी पाहिजे, आणि नव्या जागी जमीन नि सोयी तयार असल्याशिवाय हलवता येत नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी हक्क, मग प्रश्न, मग उत्तर, मग हलणे. ज्याचा हक्क अजून कागदावर नाही त्याला 'जातोस का?' असे विचारणे म्हणजे मळा कोणाचा हे न ठरवता मळ्याचा भाव करणे होय.

अभयारण्य म्हणजे काही धरण नव्हे, खाण नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. वाघ, गवे आणि भीमगडच्या गुहांतली ती दुर्मिळ वटवाघळे राखणे हे चांगलेच काम आहे. पण त्याच तालुक्याच्या रानात मोठे प्रकल्पही आहेत. कळसा-भांडुरा योजनेचे कालवे कणकुंबीच्या बाजूला खोदण्याचे काम २००६ साली सुरू झाले आणि ते तंट्यात अडकले. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, त्यात या दोन नाल्यांतून मलप्रभेकडे वळवायला ३.९ टी.एम.सी. पाणी कर्नाटकाच्या वाट्याला आले. हुबळी-धारवाडच्या बाजूच्या लोकांना ते पिण्यासाठी हवे आहे, आणि तहान लागलेल्याने पाणी मागणे वाईट नाही. (अहाबाची भाजीसुद्धा वाईट नव्हती.) पण एकाच रानात गावाच्या पायवाटेला झाडे आडवी येतात आणि कालव्याला येत नाहीत, असे खेड्यातल्या माणसाला दिसू लागले की त्याचा कायद्यावरचा विश्वास उडतो.

आपण या गोष्टीत कोठे आहो? बहुतेक वाचक स्वतःला नाबोथाच्या बाजूला धरतील. आम्ही तसे म्हणायला कचरतो. बेळगाव शहराला पाणी राकसकोपहून आणि हिडकलहून येते. हिडकलचे धरण घटप्रभेवर, हुक्केरी तालुक्यात; १९७७ मध्ये ते पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली गावे गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की विठ्ठलाचे दगडी देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. निपाणीकडे दूधगंगेच्या काठी ऊस उभा आहे, त्याला काळम्मावाडी धरणाचे पाणी मिळते. ते धरण राधानगरी तालुक्यात आहे, आणि त्यासाठी तिथली गावे उठली. उठलेल्या माणसांची नावे आपल्यापैकी कोणाला सांगता येतील? ज्याच्या नळाला पाणी येते तो राजवाड्याच्या खिडकीत बसलेला असतो, त्याला मळ्याच्या पलीकडले दिसत नाही. धरणे बांधू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पाणी पिताना आपण कोणाचे देणे लागतो एवढे तरी माहीत असावे.

आता गोष्टीच्या पुढच्या भागाकडे वळू. ईजबेलीने काय केले? तिने पत्रे लिहिली. राजाच्या नावाने लिहिली, राजाची मोहोर लावली, गावच्या वडील मंडळींना आणि प्रतिष्ठितांना पाठवली. उपास पुकारला गेला, सभा भरली, नाबोथाला मानाच्या जागी बसवले, दोन साक्षीदार समोर आणले. नियमाप्रमाणे दोन साक्षीदार लागत, तेही होते. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे रीतसर दिसले असेल. एक बाब मात्र त्या पत्रांत नाही: द्राक्षमळ्याचा उल्लेख. गावच्या वडील मंडळींनी विचारले नाही, की या माणसावर आजच हा आरोप का? मोहोर पाहिली आणि सांगितले ते केले.

जमिनी जातात त्या पुष्कळदा अशाच जातात. दंडुक्याने थोड्या, कागदाने अधिक. महाराष्ट्रात नर्मदेच्या काठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावे सरदार सरोवराच्या पाण्यात येणार होती. मणिबेली हे त्यांतले धरणाच्या सर्वांत जवळचे गाव. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या खातेदाराला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची असे लिहिले होते. चांगला निवाडा. परंतु खातेदार कोण? पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर नांगर धरणारे कितीतरी भिल्ल आणि पावरा शेतकरी सरकारी दप्तरात 'अतिक्रमणदार' म्हणून लिहिलेले होते, कारण ती जमीन वनखात्याच्या नावावर होती. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही नाही, असा हिशेब झाला. जागतिक बँकेने या प्रकल्पाला १९८५ साली कर्ज दिले होते. तिनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये कडक अहवाल दिला, आणि मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज भारत सरकारने सोडून दिले. धरण मात्र झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्याच्या पुष्कळ आधी, १९२१ मध्ये, मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. तेही धरण झाले.

नकार ऐकला गेल्याची उदाहरणेही आहेत. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. तो डोंगर डोंगरिया कोंध लोकांना पूज्य आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की याचा निर्णय ग्रामसभांनी घ्यावा. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी 'नाही' म्हटले. खाण झाली नाही. आणि गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) या गोंड लोकांच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव आपल्या बांबूची तोड आणि विक्री स्वतः ठरवते, आणि तेथे निर्णय सर्वांच्या एकमताने घ्यायची चाल आहे. आपल्या पाळक मंडळींनी पंचकमिटीच्या सभांसाठी त्या गावाकडून काही शिकावे असे आम्हाला वाटते.

पण महाराष्ट्रातले सगळे नियम जसेच्या तसे बेळगाव जिल्ह्याला लागत नाहीत, हे सीमाभागातल्या वाचकाने विसरू नये. गडचिरोली, नंदुरबार, पालघर यांसारख्या जिल्ह्यांचे आदिवासी भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात, म्हणून १९९६ चा पेसा कायदा तेथे आहे. कर्नाटकात पाचव्या अनुसूचीचा एकही प्रदेश नाही. म्हणून खानापूरच्या रानातल्या माणसाला मुख्य आधार तो वनहक्क कायद्याचाच. त्यातही भेद आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. जो त्या यादीत नाही, पण रानातच वाढला, त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. गवळी धनगरांना कर्नाटकात हीच अडचण येते. सिद्दी लोकांची कथा तर आणखी चमत्कारिक. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी २००३ मध्ये अनुसूचित जमातीत धरले गेले. त्यांचेच भाऊबंद हद्दीच्या अलीकडे खानापूर तालुक्यात राहत होते, ते २०२० च्या दुरुस्तीपर्यंत यादीत नव्हते. नकाशावरची एक रेघ घरादाराचे काय करते हे निपाणीच्या नि बेळगावच्या लोकांना आम्ही सांगावे असे नाही.

ज्यांना सरकारने जमीन दिली अशा दलित आणि आदिवासी कुटुंबांसाठी कर्नाटकात १९७८ चा आणखी एक कायदा आहे. अशी दिलेली जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही, आणि विकली गेली तर ती परत मिळवता येते. फार वर्षांनी मागणी केली म्हणून न्यायालयात अशी प्रकरणे फेटाळली जाऊ लागली होती. २०२३ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून मुदतीची ती अडचण काढली. आपल्या मंडळ्यांतही अशी कुटुंबे असतील. पेटीतला जुना कागद एकदा उघडून पाहावा.

कागदावरून यिर्मयाची आठवण होते. यरुशलेमेला वेढा पडला होता, शत्रू दाराशी होता आणि संदेष्टा स्वतः कैदेत होता. अशा वेळी त्याने अनाथोथचे शेत चुलतभावाकडून सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले. साक्षीदार बोलावले, खत लिहिले, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवली. मग बारूखाला सांगितले की दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या भागावर आशेविषयीची प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती बरोबरच आहेत. पण संदेष्ट्याने आशेबरोबर खतही केले, आणि त्याच्या दोन प्रती केल्या. वाळवी, पाऊस आणि गळके छप्पर यांच्या प्रदेशात हा सल्ला जसाच्या तसा उपयोगी आहे.

वनहक्काच्या दाव्याला कोणते पुरावे चालतात ते पाहिले तर नवल वाटते. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती हे तर चालतेच. शिवाय जुनी विहीर, घराचे जोते, शेताचे बांध, दफनाची जागा, देवस्थान यांचाही पुरावा धरला जातो. दावेदाराखेरीज गावच्या वृद्ध माणसांनी सांगितलेली हकीकत लिहून घेतली तर तीही चालते. दोन प्रकारचे पुरावे हवेत. म्हणजे ज्या म्हाताऱ्याला अक्षर येत नाही त्याची आठवणही कायद्याने दस्तऐवज झाली आहे. कोणीतरी शेजारी बसून ती लिहून घ्यायला हवी. दावा ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. खालचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत वर दाद मागता येते, आणि म्हणणे मांडायची संधी दिल्यावाचून कोणाचा दावा निकालात काढता येत नाही. पुष्कळ दावे नाकारले गेल्याची चिठ्ठीच माणसापर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचली तर वाचता येत नाही. हा भाषेचा वाद नव्हे. कन्नड न वाचणाऱ्या गवळ्याला कन्नड नोटीस दिली, तर साठ दिवस असेच निघून जातात. ज्याला कन्नड येते अशा आपल्या एखाद्या तरुणाने ती वाचून दाखवली तर तेवढ्यानेही काम होते.

स्त्रियांविषयी गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. सलाफहादाला मुलगे नव्हते. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली सर्व मंडळीसमोर मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाचे वतन मागितले. त्यांचे म्हणणे रास्त ठरले आणि पुढच्यांसाठी तोच नियम झाला. वनहक्काचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे होतो, आणि ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पण रोख मोबदल्याचा धनादेश आला की बहुधा तो एकाच्या खात्यात जातो. १५ लाख ही रक्कम ऐकायला मोठी आहे. तिच्यात घराची जागा, घर, म्हशींना चारा आणि नाचणीला शेत एवढे सगळे बसते का, याचा हिशेब घरच्या बाईइतका नीट कोणी करत नाही. म्हणून तिला आधी विचारावे.

शिक्षकांसाठी थोडे. लहान वर्गाला ही गोष्ट सांगताना खून आणि कुत्री यांवर भर देऊ नये. राजाने मागितले, नाबोथ नको म्हणाला, राजा रुसला, येथपर्यंत नाट्य करून घेतले तरी मुलांना पुष्कळ कळते. त्यांना विचारावे, राजाने दुसऱ्या दिवशी उठून काय करायला हवे होते? उत्तरे ऐकण्यासारखी असतात. मोठ्या मुलांच्या वर्गात तालुक्याचा नकाशा आणावा. आपल्या घरचे पाणी कोणत्या नदीतून, कोणत्या धरणातून येते ते त्यांना शोधू द्यावे, आणि त्या धरणाखालची गावे कोणती होती हे घरातल्या वृद्धांना विचारून यायला सांगावे. तरुणसंघाला जमले तर गावच्या वडील मंडळींचा भाग वाचायला द्यावा, अध्यायातली आठवी ते चौदावी वचने. राजाची मोहोर लावलेले पत्र हातात आल्यावर इज्रेलच्या वडिलांना कोणकोणते प्रश्न विचारता आले असते, ते प्रत्येकाने कागदावर लिहावेत. वेळ उरला तर ग्रामपंचायतीत लागलेली एखादी जाहीर नोटीस आणून तिला तेच प्रश्न लावून पाहावेत.